चष्मा, धूळ, चूल आणि लॅशेस: मार्चपासून कापूस वेचणीपर्यंतचा अनुभव

आधी निकाल सांगते, मग कारणं. दारव्हा तालुक्यातल्या खेड्यात राहून, चष्मा लावून, रोज स्कूटीवर धूळ खात फिरूनही आयलॅश एक्स्टेंशन, म्हणजे आपल्या पापणीच्या केसांवर चिकटवायचे कृत्रिम केस, टिकतात आणि चांगल्या दिसतात. पण आखूड, हलक्या आणि एका केसाला एक अशा लावल्या तरच. इन्स्टावर दिसतात तशा झुपकेदार हव्या असतील, तर माझा अनुभव तुमच्या फारसा कामाचा नाही.

मी उमेद अभियानात सीआरपी, म्हणजे बचत गटांचं काम पाहणारी कार्यकर्ती आहे. बचत गटांच्या बैठका, बँकेच्या चकरा, या गावाहून त्या गावाला. मार्चमध्ये भावाचं लग्न निघालं तेव्हा यवतमाळला जाऊन पहिला सेट लावला. आता घरोघरी कापूस वेचणी चालू आहे आणि लॅशेस अजून डोळ्यांवर आहेत. मध्ये पावसाळ्यात काही आठवडे सगळ्या काढून डोळ्यांना सुट्टी दिली होती. एरवी मे महिन्याचं ऊन, महालक्ष्म्यांचा स्वयंपाक, सोयाबीनच्या थ्रेशरचा भुसा, सगळ्यातून त्या निघाल्या. गटातल्या बायांनी पहिल्याच बैठकीत विचारलं, "काय वं ताई, डोये कायले असे मोठे दिसून राह्यले?" आणि त्या दिवशी कर्जाच्या हप्त्यांचा विषय अर्धा तास मागे पडला.

चष्म्याचं आधी बोलते, कारण त्याबद्दल कोणी सांगतच नाही. लावणाऱ्या पोरीने मी फोटो काढायच्या आतच म्हटलं, "ताई, फोटो मग पाहू. आधी चष्मा घालून सरळ समोर पाहा." चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ ते १४ मिलिमीटरवर असते. वरच्या पापणीचे आपले स्वतःचे केस ८ ते १२ मिमीचे असतात. त्यावर १३-१४ मिमीची लॅश बसवली की डोळ्याच्या दर उघडझापेला ती काचेला घासणार, काच डागाळणार आणि लॅशही वाकडी होणार. माझे मधले केस मोजले तर जेमतेम ८ भरले. आपल्या केसापेक्षा २-३ मिमीहून जास्त लांबी द्यायची नाही, असा या कामातला नियम आहे, कारण सगळा भार त्या एका केसाच्या मुळावर येतो. म्हणून माझी जास्तीत जास्त लांबी १० ठरली: नाकाकडच्या कोपऱ्यात ८, मध्ये १०, बाहेर ९. ऐकायला कमी वाटतं. चेहऱ्यावर अजिबात कमी दिसत नाही.

लांबीपेक्षा जास्त विचार करावा लागतो तो वळणाचा. लॅशच्या वळणाला अक्षरं असतात. 'जे' (J) म्हणजे जवळपास सरळ, मग बी, सी, डी असं वळण वाढत जातं. एल आणि एमचं बूड सपाट असतं आणि तिथून ती एकदम वर उठते. माझे केस सरळ आणि थोडे खाली झुकलेले, वरून पापणीची घडी मुळांवर उतरलेली. अशा डोळ्यावर 'जे' कर्ल लावला तर तो समोर जाऊन थेट काचेला भिडतो. डी कर्ल फोटोत छान दिसतो, पण त्याचं बूडच गोल असतं, त्यामुळे सरळ केसाला तो थोड्याच जागी चिकटतो आणि लवकर सुटतो. एलचं सपाट बूड केसाच्या लांबीला लागून बसतं, पकड जास्त मिळते आणि लॅश घडीच्या बाहेर येऊन दिसते. मला मध्ये आणि बाहेर एल, आतल्या कोपऱ्यात बी लावला आहे. चष्मा असणाऱ्या आणि घडी झुकलेल्या बायांना मी हेच सुचवीन.

डोळ्याच्या आकाराचंही पाहावं लागतं. माझा बाहेरचा कोपरा किंचित खाली उतरतो. म्हणून सगळ्यात लांब लॅश कोपऱ्यात न ठेवता अलीकडे ठेवली. 'कॅट आय' केलं असतं तर डोळा अजून खाली ओढल्यासारखा, रडवेला दिसला असता. गोल डोळ्यांना मात्र तेच कॅट आय शोभतं, डोळा लांबट वाटतो. दोन डोळे एकमेकांच्या जवळ असतील तर लांबी बाहेरच्या बाजूला द्यायची, दूर असतील तर मध्यावर. डोळे थोडे पुढे आलेले असतील तर आखूड आणि सौम्य वळण.

जाडीचं गणित मला फार आवडलं. क्लासिक प्रकारात, म्हणजे एका केसाला एक लॅश लावतात त्यात, ०.१०, ०.१२, ०.१५, ०.१८, ०.२० मिमी अशा जाड्या मिळतात. ०.२० ची लॅश ०.१० च्या दुप्पट जाड, पण त्याच लांबीला वजन मात्र चौपट. माझे केस बारीक म्हणून ०.१० आणि थोड्या ०.१२. काळेभोर काठ हवे असतील तर यात समाधान होणार नाही, हे मान्य. मला बैठकीत बसलेल्या बायांनी माझ्याकडे पाहावं, पापण्यांकडे नाही, एवढंच पाहिजे होतं.

धाकटी नणंद अकोल्याला असते. तिचे केस मुळातच जाड आणि भरपूर. तिने व्हॉल्यूम सेट केला, म्हणजे एकेका केसावर ०.०५ किंवा ०.०७ च्या चार-पाच बारीक लॅशेस उमलवून बसवतात. तिला तो खरंच शोभतो, आणि तिचं ऑफिस एसीचं आहे. तिच्यासारखं आपल्यालाही जमेल असं धरून चालू नका, आधी आपले केस कुणाला तरी नीट दाखवा.

एक प्रकार मात्र कुणीच करू नये. लग्नसराईत एका ठिकाणी अर्ध्या तासात 'व्हॉल्यूम' लावून देतात म्हणून ओळखीतली एक मुलगी गेली. तिला लावले ते तयार गुच्छ होते, आणि एकेका गुच्छात तिचे तीन-चार केस एकत्र चिकटलेले. आपला प्रत्येक केस आपल्या वेगाने वाढतो, त्यामुळे चिकटलेले केस एकमेकांना ओढतात, दुखतं आणि शेवटी मुळासकट निघतात. तिच्या पापणीत मध्येच रिकामी जागा पडली. ती भरून यायला काही महिने लागतात. क्लासिकचा पूर्ण सेट करायला दीड-दोन तास लागतात, कारण दर केस चिमट्याने वेगळा धरून त्यावर एक लॅश बसवायची असते. कोणी अर्ध्या तासाचं बोललं की उठून या. झाल्यावर स्वतः तपासा: छोटा ब्रश खालून वर सहज फिरला पाहिजे, कुठे टोचता कामा नये, आणि लॅश कातडीला न चिकटता तिच्यापासून अर्धा-एक मिमी वर सुरू झाली पाहिजे.

सासूबाई माळकरी. त्यांनी लॅशच्या डबीवर 'मिंक' असं नाव आहे हे ऐकलं आणि सरळ विचारलं, "हे कोन्या जनावराचे केस तं नाईत ना वं?" खऱ्या मिंक प्राण्याच्या केसांच्या लॅशेसही मिळतात, पण पार्लरमध्ये मिंक किंवा सिल्क म्हणून लावतात त्या बहुतेक पीबीटी नावाच्या प्लास्टिक धाग्याच्या असतात. नाव नुसतं दिसण्यावरून दिलेलं. मी पार्लरला फोन लावून खात्री केली, मग घरात शांतता झाली.

आता ग्लू. विदर्भातल्या बायांनी हा भाग सोडू नका. हा ग्लू सायनोअॅक्रिलेट, म्हणजे फेविक्विकच्याच घराण्यातला, पण डोळ्यांच्या कामासाठी वेगळा बनवलेला. (घरातला फेविक्विक पापणीला लावून पाहण्याचा विचार मनातही आणू नका.) तो वाळून नाही, हवेतली ओल घेऊन घट्ट होतो. त्याला खोलीचं तापमान २० ते २४ अंश आणि आर्द्रता साधारण ४० ते ६० टक्के मानवते. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर पारा ४५ ला टेकतो आणि दुपारच्या हवेत ओल नावालाच असते. मग ग्लू लवकर धरत नाही, लॅश सरकते, वाफ जास्त वेळ डोळ्याजवळ राहते. जुलैत उलट: हवा इतकी दमट की ग्लू केसापर्यंत पोचायच्या आतच कडक व्हायला लागतो आणि वरवर चिकटतो. माझा मार्चचा सेट छान टिकला. मे महिन्यात त्या पोरीने कूलर लावला होता, आणि तो केवळ गारव्यासाठी नव्हता, कूलरची ओल कामाला येते. भिंतीवर आर्द्रतेचं छोटं मीटर होतं, तिची नजर सारखी तिकडे. पावसाळ्यातलं रिफिल (गळलेल्या लॅशेसच्या जागी नव्या लावणं) मात्र दोन आठवडेही पुरलं नाही, तिने सावकाश धरणारा ग्लू वापरूनही. तेव्हाच मी सुट्टी घेतली. पार्लर निवडताना भिंतीवर मीटर आहे का ते पाहा, आणि लाईट गेल्यावर काय करता तेही विचारा. डोळे टेप लावून बंद, अर्धं काम झालेलं, अशा वेळी इन्व्हर्टर नसेल तर फार अवघड होतं.

रोजच्या वापरात सगळ्यात मोठी अडचण तेलाची. तेलाने ग्लूची पकड सैल होते असं हे काम करणारे सगळेच सांगतात. आमच्याकडे रात्री डोक्याला खोबरेल लावून झोपायची सवय, ते उशीवर आणि उशीवरून डोळ्यावर. मी तेल लावणं आता न्हायच्या आधी तासाभरावर आणलं. सासूबाईंचं तुपातलं घरचं काजळ वरच्या पापणीला बंद केलं, त्यावर त्यांची नाराजी अजून आहे. मस्कारा लागतच नाही, तो खर्च वाचला.

चूल हा दुसरा मुद्दा. गॅस आहे, पण पुरणपोळ्या आणि मोठा स्वयंपाक आमच्याकडे चुलीवरच. प्लास्टिकचा धागा आहे, जाळाजवळ वाकून फुंकणी मारली की टोकं वळून जातात. महालक्ष्म्यांना मी चुलीपुढची जागा सोडून पाट्यावर बसले.

स्कार्फचं नंतर लक्षात येतं. आपण पोरी-बाया कपाळ ते मान घट्ट बांधून फक्त डोळे उघडे ठेवतो, आणि कपाळावरची पट्टी घसरून लॅशवर येते. मी ती पट्टी भुवईच्या वर बांधून पुढे मोठा गॉगल लावते. मळणीच्या दिवसांत धूळ मुळाशी बसते. पाणी लागलं तर निघतील या भीतीने डोळे न धुणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. पहिला दिवस सोडला तर रोज धुवायलाच हव्यात. मळ साचला की पापणीच्या काठाला सूज येते, खाज सुटते. तेल नसलेला फेसाचा क्लिन्झर मऊ ब्रशने, मग साधं पाणी, मग टिपून कोरडं. चोळायचं नाही.

गळतीला घाबरू नका. आपले स्वतःचे केस रोज एक ते पाच गळतच असतात, आणि लॅश त्या केसासोबतच पडते. म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी रिफिल लागतं. अर्ध्याहून जास्त गेल्या तर नवा सेट धरतात आणि पैसे त्याप्रमाणे. माझा पूर्ण सेट दोन हजारांच्या आत झाला, रिफिल साधारण निम्म्यात. एसटीचं तिकीट आम्हा बायांना मार्च २०२३ पासून अर्धं आहे, म्हणून यवतमाळच्या चकरा परवडतात. खरा खर्च वेळेचा, अख्खी दुपार जाते.

अॅलर्जीचं गांभीर्याने घ्या. पूर्ण सेटच्या २४ ते ४८ तास आधी दोन-चार लॅशेस लावून पॅच टेस्ट करतात, ती आठवणीने करून घ्या. त्याच संध्याकाळी डोळे थोडे लाल होऊन ओसरले तर तो बहुधा वाफेचा त्रास. पण पापणी सुजली, खाज वाढतच गेली, तर काढून टाकायच्या आणि डोळ्याच्या डॉक्टरकडे जायचं. अनेक महिने काही न होता पुढे कधीतरीही अॅलर्जी उद्भवू शकते. डोळे आलेले असताना तर जवळही जाऊ नका. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर ती साथ होती, आणि आपल्या बुलढाण्यात रुग्ण सगळ्यात जास्त निघाले होते. मोतीबिंदूचं किंवा डोळ्याचं दुसरं ऑपरेशन नुकतं झालं असेल तर आधी डॉक्टरला विचारा.

काढायच्या असतील तर घरी ओढायच्या नाहीत. पार्लरमध्ये क्रीम रिमूव्हर लावून थोडा वेळ ठेवतात, ग्लू मऊ होतो आणि लॅश घसरून येते. पावसाळ्यात काढल्या तेव्हा माझे केस आधी होते तसेच निघाले, विरळ पण शाबूत. आरशात मात्र डोळे आठवडाभर बोडके वाटले.

आमच्या गटातल्या एकीचे केस चांगले लांब आहेत, फक्त सरळ. तिला मी एक्स्टेंशन नको म्हटलं. तिने लॅश लिफ्ट करावं: स्वतःच्याच केसांना औषधाने वळण देतात, ते सहा ते आठ आठवडे राहतं, रिफिलची भानगड नाही. लांबी वाढत नाही, पण तिला ती वाढवायचीच नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाआधी ती जाणार आहे, आणि त्याच बसने मी रिफिलला.