लूकस पार्क, विल्सन लेक (कॅन्सस): जागा उत्तम, पण साइट वारा बघून घ्या

कॅन्ससमध्ये तंबू ठोकून राहायला विल्सन लेकच्या उत्तर काठावरच्या लूकस पार्कसारखं सरकारी कॅम्पग्राउंड आमच्या मते दुसरं नाही. पण साइट चुकली, तर तिथली रात्र जागून काढावी लागते. कारण एकच, वारा. झाडं नसलेला, चहूबाजूंनी उघडा गवताळ प्रदेश, त्यात सुमारे ९,००० एकर पाणी, आणि उन्हाळ्यात दिवसदिवस न थांबणारा दक्षिणेचा वारा. त्यामुळे स्वच्छतागृह कसं आहे, पाणी किती लांब आहे हे प्रश्न नंतरचे. आधी वारा कुठून येणार ते बघायचं.

आय-७० वर सलायनाच्या पश्चिमेला साधारण ४५ मैलांवर एक्झिट २०६ आहे. तिथे उतरून के-२३२ ने उत्तरेला निघायचं. हाच रस्ता धरणाच्या भिंतीवरून पलीकडे जातो आणि भिंत संपल्यावर पश्चिमेच्या फाट्याने लूकस पार्कला पोचता येतं. कॅन्सस सिटीहून महामार्गाचे सव्वादोनशे मैलांच्या आत, डेन्व्हरहून तीनशेऐंशीच्या आसपास. दोन्हीकडच्या मराठी कुटुंबांना अर्ध्या वाटेवर भेटायचं असेल तर अंतर अगदी सारखं नाही, पण एवढी शांत जागा त्या टप्प्यात दुसरी सापडणं कठीण. पेट्रोल आणि मोठा बाजारहाट सलायनातच उरकून घ्या. डेन्व्हरकडून येणाऱ्यांनी वाटेतल्या हेज शहरात. तलावाजवळची लूकस आणि विल्सन ही दोन्ही गावं लहान आहेत. कोथिंबीर-मिरचीच्या भरवशावर तिथे जाऊ नये.

के-२३२ वरून जाताना एकदा गाडी कडेला घेऊन कुंपणाचे खांब जवळून बघा. लाकूड नव्हतं म्हणून इथल्या वसाहतवाल्यांनी चुनखडीचे खांब पुरले. जमिनीखाली हातभर जाडीचासुद्धा नसलेला एक थर आहे. तो खणून काढला की दगड मऊ असतो आणि हवा लागल्यावर कडक होतो. एका रांगेत भोकं पाडायची, त्यांत पाचरी ठोकायच्या, की सरळ रेषेत दगड चिरतो. त्या भोकांचे अर्धगोल चर खांबांच्या कडेला अजून स्पष्ट दिसतात, बोट घातलं तर बसतं. पिवळट दगडाच्या मधोमध गंजाच्या रंगाची पट्टी असते.

आता मुख्य मुद्दा. सलाइन नदीवरचा हा तलाव पूर्व-पश्चिम लांब पसरलाय. आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सने १९६० च्या दशकात तो बांधला. लूकस पार्क उत्तर काठावर, म्हणजे दक्षिणेचा वारा पाण्यावरून वेग घेत थेट तुमच्या तंबूवर येतो. जुलैच्या दुपारी पारा ९५ अंश फॅरनहाइटच्या पुढे असताना हीच झुळूक सुखाची वाटते, आणि संध्याकाळी तीच ताशी ३० मैलांवर गेली की दुःखाची. दक्षिण काठावर कोअरचंच मिनूका पार्क आणि विल्सन स्टेट पार्कचे हेल क्रीक व ओटो हे भाग आहेत. दक्षिणेच्या वाऱ्यात त्यांना टेकड्यांचा आडोसा मिळतो, पण वसंतात किंवा शरदात थंड हवेची आघाडी आली आणि वारा उत्तरेला फिरला की गणित उलटं होतं. धरणाखालचं सिल्व्हन पार्क सर्वांत आडोशाला आहे. तिथे झाडी आहे, भिंतीचा आसरा आहे, पण तलाव दिसत नाही आणि वारा पडला की डास घेरतात. ज्यांच्या अंदाजात सलग तीन दिवस २५ मैलांच्या वरचे झोत दिसतायत त्यांनी आग्रह सोडून सिल्व्हनच घ्यावं.

आरक्षण रिक्रिएशन डॉट गव्हवर सहा महिने आधी उघडतं. नकाशावर काठाच्या साइट आधी संपतात आणि त्याच सर्वांत उघड्या असतात. प्रत्येक साइटच्या तपशिलात सावली आहे की नाही, पॅड (तंबू-गाडीची सपाट केलेली जागा) कसला आहे, गाडी उभी करायची लांबी किती, वीज किती अँपिअरची हे दिलेलं असतं. 'सावली: हो' यावर भुलू नका. त्याचा अर्थ सीडर या सदाहरित जातीचं एखादंच झाड असाही असू शकतो. उपग्रह नकाशा उघडा आणि ते झाड पॅडच्या कुठल्या बाजूला आहे ते बघा. दक्षिणेला किंवा नैर्ऋत्येला दाट सीडर असेल तर दुपारची सावली आणि वाऱ्याचा आडोसा दोन्ही मिळतं. ईशान्येचं झाड उन्हाळ्यात जवळपास निरुपयोगी. आणखी एक, आरक्षण रद्द केलं तर १० डॉलर कापतात, आणि पोचायच्या दिवशी किंवा आदल्या दिवशी रद्द केलं तर पहिल्या रात्रीचं भाडंही जातं. म्हणून हवामानाचा निर्णय दोन दिवस आधी घ्या. घरात कुणाकडे 'अमेरिका द ब्यूटिफुल'चा सीनिअर पास असेल तर कोअरच्या कॅम्पिंगवर ५० टक्के सवलत आहे. तो पास नागरिकांना आणि कायम रहिवाशांना ६२ व्या वर्षापासून मिळतो, तेव्हा ग्रीन कार्डवाल्या आई-बाबांनाही चालतो. भारतातून व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांना मात्र नाही.

तंबू. उंच, उभ्या भिंतींचे केबिन तंबू दुकानात ऐसपैस दिसतात आणि इथे पहिल्या झोतात वाकतात. फायबरग्लासच्या काठ्या उभ्या चिरत जातात, त्यांची दुरुस्ती जागेवर होत नाही. कमी उंचीचा, अ‍ॅल्युमिनियमच्या काठ्यांचा डोम आणा. सोबत आलेले पातळ तारेचे खुंटे घरीच ठेवा, खाली खडी आणि तिच्याखाली कातळ, ते वाकतातच. १० ते १२ इंची पोलादी खुंटे आणि चांगला जड हातोडा लागतो. खुंटा तंबूपासून उलट्या बाजूला झुकवून पूर्ण आत जाईपर्यंत ठोका. अर्धाच गेला आणि खाली दगड लागला तर तो उपटून वीतभर बाजूला पुन्हा ठोका, अर्ध्या खुंट्यावर दोरी बांधू नका. वाऱ्याकडच्या कोपऱ्यांना दोन-दोन खुंटे. तंबूची अरुंद, उतरती बाजू दक्षिणेला, दार उत्तरेला किंवा पूर्वेला. सगळ्या ताणदोऱ्या पहिल्या दिवशीच बांधा. 'वारा वाढला तर बांधू' म्हणणारे रात्री दोनला टॉर्च दातात धरून बांधतात. दिवसभर फिरायला जाणार असाल तर आतलं सामान कोपऱ्यांत ठेवा, आणि अंदाज वाईट असेल तर काठ्या काढून तंबू सपाट पाडून जा. दहा बाय दहाची उघडमीट छत्री झोपायच्या आधी मिटवायचीच. कॅम्पग्राउंडवर सर्वांत जास्त मोडते ती हीच.

तंबूवाल्यांनीही वीज असलेली साइट घ्यावी, हे आमचं ठाम मत आहे, आणि त्याचं कारण स्वयंपाक आहे. विजेच्या खांबावर आरव्हीच्या (राहण्याच्या मोठ्या गाडीच्या) ३० किंवा ५० अँपिअरच्या सॉकेटसोबत बहुधा घरगुती २० अँपिअरचं सॉकेटही असतं. १,८०० वॉटची इंडक्शन शेगडी १५ अँपिअर खेचते, म्हणजे ती निवांत चालते. तिच्या जोडीला त्याच सॉकेटवर पाण्याची केटल लावली की ब्रेकर पडतो. १२ गेजची, बाहेर वापरायची, २५ फुटी वायर आणा. पातळ वायर गरम होते. वायरचा जोड गवतात ठेवू नका, दवाने ओला झाला की सुरक्षेचं बटण उडतं आणि लोक खांबच बिघडला समजतात. जोड उलट्या डब्याखाली, जमिनीपासून उंच ठेवा.

गॅसच वापरायचा तर हिशेब असा. दोन बर्नरची, प्रत्येकी १०,००० बीटीयूची शेगडी पूर्ण आचेवर एक पौंडाचा प्रोपेन सिलिंडर साधारण तासाभरात संपवते. वाऱ्यात ज्योत भांड्याच्या बाहेर पळते, म्हणून पोळ्या करायचा बेत सोडा, तवा कधी तापतच नाही. झाकण असलेलं, बंद शिजणारं करा: खिचडी, कुकरमधली उसळ, उपमा. शेगडी गाडीच्या आडोशाला, पण टाकीपासून आणि कोरड्या गवतापासून लांब. कॅनिस्टरवर बसणाऱ्या छोट्या शेगडीला चहूबाजूंनी पत्र्याचा आडोसा कधीच करू नका, कॅनिस्टर तापून फुटू शकतो.

शेकोटीचा मोह इथे आवरावा लागतो. या भागात गवत पेटलं की काय होतं ते १५ डिसेंबर २०२१ च्या वादळात दिसलं. चार काउंटींमध्ये पसरलेल्या त्या वणव्यात रसेल काउंटीही होती, आणि हा तलाव मुख्यतः त्याच काउंटीत आहे. निघण्याआधी काउंटीची जाळबंदी (उघड्यावर आग पेटवायला मनाई) आणि 'रेड फ्लॅग' म्हणजे वणव्याच्या धोक्याचा इशारा बघा. बंदी नसली तरी झोत २० मैलांच्या वर असतील तर पेटवू नका. सीडरचं लाकूड तडतडतं आणि ठिणग्या उडवतं, ते टाळा. लाकूड घरून आणू नका, किडीचा प्रसार त्यातूनच होतो. जवळपास विकत घ्या. विझवताना पाच गॅलनची बादली जवळ हवी. पाणी ओता, राख ढवळा, पुन्हा ओता, आणि हाताला गार लागेपर्यंत झोपायला जाऊ नका.

मे-जूनमध्ये गडगडाटी वादळं येतात. फोनचं सिग्नल घळींमध्ये जातं, त्यामुळे बॅटरीवर चालणारा हवामान रेडिओ आणा (१६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झ) आणि 'रसेल काउंटी' हे नाव मुलांनाही पाठ करून ठेवा, इशारे काउंटीच्या नावाने येतात. पोचल्यावर लगेच पक्क्या बांधणीचं सर्वांत जवळचं स्वच्छतागृह कुठे आहे ते चालत जाऊन बघा. वादळात तंबू किंवा आरव्ही म्हणजे निवारा नव्हे. नुसती वीज कडाडत असेल तर गाडीत बसा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्याकडे फिरकू नका. सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबरची सुरुवात हा सर्वांत चांगला काळ. वादळं ओसरलेली, रात्री गार, आणि लिटल ब्लूस्टेम गवत तांबूस झालेलं. हिवाळ्यात पाइप गोठू नयेत म्हणून नळ बंद करतात, तेव्हा पाणी सोबत हवं.

पाणी कॅन्ससच्या इतर धरणांच्या मानाने फार नितळ आहे, पण किंचित खारट. नदीचं नाव उगाच सलाइन नाही. पोहायला बीच आहे. दुपारी लाटा उठतात, म्हणून कयाक सकाळी नऊच्या आत आणि काठाकाठानेच. जाताना वारा पाठीला घेऊ नका, परतताना दमलेल्या हातांनी तोच अंगावर घ्यावा लागतो. मासेमारीला कॅन्ससच्या १६ ते ७४ वर्षांच्या रहिवाशांना, आणि बाहेरच्या राज्यांतल्या १६ वर्षांवरच्या सगळ्यांनाच, कॅन्ससचा परवाना लागतो. इथे स्ट्राइप्ड बास आणि वॉलाय नावाजलेले आहेत.

रॉकटाउनची पायवाट पार्कातूनच सुरू होते, साधारण तीन मैलांचा फेरा. गवतातून चालत गेलं की पाण्याच्या काठाशी लाल वालुकाश्माचे १५ ते ३० फुटी सुळके उभे दिसतात. साधारण दहा कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्रकिनारा होता, त्या काळची ही वाळू. दगड इतका ठिसूळ आहे की नखानेही कण सुटतात. त्यावर नावं कोरणाऱ्यांनी केलेलं नुकसान भरून निघणारं नाही, मुलांना तिथे आवर्जून सांगा. वाटेवर सावली अजिबात नाही. माणशी दीड-दोन लिटर पाणी, टोपी आणि लांब पँट. जूनपासून चिगर (खाज आणणारे बारीक किडे) आणि गोचिड्या अंगावर चढतात. कपड्यांवर अर्धा टक्का परमेथ्रिन हे कीटकनाशक आदल्या दिवशी फवारून वाळवा, पँट मोज्यात खोचा, परतल्यावर गुडघ्यामागे आणि केसांत तपासा. रॅटलस्नेक या भागात आहेत, तेव्हा न दिसणाऱ्या कपारीत हात घालू नये. आपल्याकडचा सराटा इथेही पसरलाय. अनवाणी फिरू नका, आणि हवेची गादी थेट जमिनीवर न टाकता खाली जाड ताडपत्री घाला. सायकलवाल्यांनी ट्यूबमध्ये सीलंट भरूनच यावं, कारण दक्षिण काठावरच्या स्टेट पार्कातली चोवीस मैलांची स्विचग्रास पायवाट नावाजलेली आहे आणि ती अर्ध्यावर सोडवत नाही.

शांतता खरी आहे. रात्री दहा ते सकाळी सहा आवाज बंद हा कोअरचा नियम. कुत्रा सहा फुटी दोरीवर. अंधार पडला की कोयोटींची कोल्हेकुई, आणि वारा पडला असेल तर आकाशगंगा एका क्षितिजापासून दुसऱ्यापर्यंत दिसते. अमावास्येच्या आसपासचा आठवडा धरा आणि विजेच्या साइटवर दिव्यांच्या माळा लावू नका. शेजाऱ्यांनी लावल्या तर सरळ जाऊन विनंती करा, बहुतेक जण लगेच बंद करतात.

बोट किंवा कयाक नेली असेल तर एक काम न चुकता करा. या तलावात झेब्रा मसल आहेत, म्हणजे बोटींना चिकटून दुसऱ्या पाण्यात पसरणारे उपद्रवी छोटे शिंपले. निघताना आतलं पाणी तिथेच ओतून द्या, तळ आणि दोर पुसा, आणि दुसऱ्या पाण्यात उतरवण्याआधी निदान पाच दिवस कडक उन्हात वाळू द्या. घाई असेल तर १४० अंश फॅरनहाइट गरम पाण्याने धुवा. आमिषाच्या डब्यातलं पाणीही त्याच काठावर, जमिनीवर ओतायचं.