संस्थेची वेबसाइट: डागडुजी, तयार सेवा, वर्डप्रेस की एजन्सी?

कार्यकारिणीच्या बैठकीत ‘वेबसाइट नवी करू या’ हा विषय निघाला की चर्चा आधी रंगावर जाते, मग संस्थापकांचा फोटो कुठे लावायचा यावर. त्यानंतर कोटेशनं येतात. कोणी म्हणतं, आहे तीच नीट करून देतो. कोणी विक्ससारख्या, भाड्याने साइट देणाऱ्या तयार सेवेवर बसवून द्यायला तयार असतं, कोणी वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर नव्याने बांधू म्हणतं आणि मुंबईची एखादी एजन्सी सगळं स्वतंत्र घडवून देण्याची भाषा करते. आकड्यांत एवढी तफावत असते की विश्वस्त शेवटी मधला आकडा धरतात.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या लहान संस्था डोळ्यासमोर ठेवून हा आढावा लिहितो आहे: गावचं वाचनालय, वसतिगृह, रुग्णवाहिका चालवणारं मंडळ, कासवांची अंडी राखणारा गट. साइटवर कोण कशासाठी येतं आणि पुढे ती कोण चालवणार, एवढी दोन उत्तरं मिळाली तरी चारांतले दोन पर्याय आपोआप गळतात.

येतं कोण?

लोक ‘आमच्याविषयी’ वाचायला येतात असा विश्वस्तांचा समज असतो. प्रत्यक्षात ते काम घेऊन येतात, बहुधा व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून, फोनवर. वेळासच्या किंवा आंजर्ल्याच्या कासव महोत्सवाला निघालेल्या पुण्याच्या कुटुंबाला पिल्लं कधी सोडणार, राहायचं कुठे आणि गाडी कुठपर्यंत जाते, एवढंच हवं असतं. अंड्यांतून पिल्लं साधारण ४५ ते ६० दिवसांनी निघतात, वाळूच्या तापमानाप्रमाणे मागेपुढे होतं; नक्की तारीख कोणीच देऊ शकत नाही. त्यामुळे किनाऱ्यावरच्या कार्यकर्त्याला मोबाइलवरून रोज एक ओळ बदलता आली पाहिजे. ते जमत नसेल तर मुखपृष्ठ कितीही देखणं असून उपयोग नाही.

सीएसआरचं, म्हणजे कंपनीच्या सामाजिक निधीचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याला १२ए (संस्थेच्या करसवलतीची नोंदणी), ८०जी (देणगीदाराच्या करसवलतीची) आणि सीएसआर-१ (असा निधी घेण्यासाठीची; ती २०२१ पासून लागतेच) यांचे क्रमांक आणि लेखापरीक्षण अहवाल एका जागी हवेत. शिष्यवृत्ती शोधणाऱ्या पालकाला अर्जाची शेवटची तारीख आणि फोन खरोखर उचलणाऱ्या माणसाचा नंबर. चाकरमान्याला पैसे पाठवायचे असतात आणि पावती हवी असते. त्याच्याबद्दल पुढे सविस्तर.

डागडुजी की नवी बांधणी?

पावसाळ्यापूर्वी कौलं परतली की घर गळायचं थांबतं. त्यासाठी कोणी चिऱ्याच्या भिंती पाडत नाही. बहुतेक तक्रारी याच जातीच्या असतात: बंद पडलेला नंबर, तीन वर्षांपूर्वीच्या शिबिराची मुखपृष्ठावरची बातमी, कॅमेऱ्यातून निघाला तसाच चढवलेला पाच-सहा एमबीचा फोटो. फोटो दोन-तीनशे केबीवर आणले तरी खाडीपलीकडच्या वाडीत, जिथे नेटवर्कची एखादीच कांडी असते, साइट उघडायला लागते. पानावरचा मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा असं गूगल सांगतं. पेजस्पीड इनसाइट्स या त्यांच्याच मोफत साधनात पत्ता टाकून तपासता येतं, तेव्हा कोटेशन मागवण्याआधी ते करावं.

नव्याने बांधायची वेळ कधी येते? साइट फोनच्या पडद्यावर बसत नसेल, मजकूर युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या यंत्रांवर चालणाऱ्या अक्षरसंकेताच्या, आधीच्या फाँटमध्ये अडकला असेल, किंवा जुनं लॉगिन कोणाकडेच नसेल आणि करून देणारा आता फोन घेत नसेल. हे शेवटचं कारण सगळ्यांत जास्त दिसतं. म्हणून कुठलाही पर्याय घ्या, डोमेन (साइटचा पत्ता) संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्या ईमेलवर नोंदवा. करून देणाऱ्याच्या नावावर मुळीच नको, तो अध्यक्षांचा भाचा असला तरी.

सूचना चित्रात टाकण्याची सवय मात्र दोन्ही पर्यायांत सोडावी लागेल. व्हॉट्सॲपला पोस्टर ठीक. साइटवर तेच पोस्टर टाकलं तर गूगलला त्यातलं नीट सापडत नाही आणि अंध माणसाचा फोन ते वाचून दाखवत नाही. मजकूर अक्षरांतच हवा आणि पानाची भाषा मराठी म्हणून नोंदलेली हवी. तशी नोंद असली की नोटो सान्स देवनागरीसारख्या फाँटमध्ये ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे.

तयार सेवा, वर्डप्रेस, एजन्सी

एजन्सीच्या स्वतंत्र बांधणीबद्दल थोडक्यात: शेकडो लाभार्थ्यांच्या नोंदी, लॉगिन, मंजुरीचे टप्पे असं काही खरंच चालवायचं असेल तरच. बाकीच्यांनी त्या वाटेला जाऊ नये. पुढचा प्रत्येक बदल त्याच एजन्सीकडून आणि तिच्याच दराने करून घ्यावा लागतो.

खरी निवड विक्ससारखी सेवा आणि वर्डप्रेस यांत आहे. विक्सवर सुरक्षेची, अपडेटची काळजी कंपनी घेते आणि संगणक शिकलेली कार्यालयातली ताई पान स्वतः बदलू शकते. मात्र भाडं दरवर्षी चालूच राहतं आणि साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर (साइट ठेवण्याच्या भाड्याच्या जागेवर) नेता येत नाही; निघायचं ठरलं तर पानं पुन्हा रचावी लागतात. २००३ पासून चालत आलेलं वर्डप्रेस फुकट आणि मुक्त आहे. त्याचा कारभाराचा भाग मराठीत मिळतो, साइट हवी तिथे हलवता येते, डोमेन-होस्टिंगचा खर्च वर्षाला काही हजारांत भागतो. उणी बाजू अशी की प्लगइन (जोडीला बसवलेले छोटे प्रोग्राम) वेळच्या वेळी अपडेट झाले नाहीत तर साइट हॅक होते, आणि एके दिवशी वाचनालयाच्या पानावर जुगाराच्या जाहिराती झळकतात.

तेव्हा महिन्यातून तासभर देणारा निश्चित माणूस असेल, पगारी किंवा हक्काचा स्वयंसेवक, तर वर्डप्रेस. नसेल तर तयार सेवा, आणि त्यात कमीपणा मानू नका. ‘कोणीतरी बघेल’ हे उत्तर आलं तर ते ‘नाही’ असंच समजावं.

लॉगिन दोन ठेवा, एक गावात आणि एक बाहेर. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं तशा वेळी गावात वीज आणि मोबाइल दोन्ही नसतात. मदत कुठे आणि काय पाठवायची, ते ठाण्यातला सदस्यच लिहू शकेल.

देणगी: क्यूआर की पेमेंट गेटवे?

संस्थेच्या खात्याचा यूपीआय क्यूआर लावणं सोपं. पैसे थेट खात्यात येतात आणि २०२० पासून यूपीआयवर एमडीआर (पैसे घेणाऱ्याकडून कापलं जाणारं शुल्क) शून्य आहे. अडचण पुढे सुरू होते. ८०जीच्या सवलतीसाठी संस्थेला देणगीदाराचं नाव, पत्ता, पॅन यांसह विवरण प्राप्तिकर खात्याकडे भरावं लागतं. २०२१-२२ पासून त्यावरूनच प्रमाणपत्र निघतं. क्यूआरवर रक्कम आणि फार तर नाव किंवा यूपीआय आयडी कळतो, पत्ता-पॅन नाही, मग मार्चमध्ये ‘हे पाच हजार कोणाचे?’ म्हणत फोनाफोनी. पेमेंट गेटवे (साइटवरच पैसे घेणारी मधली सेवा) तपशील आधीच मागून घेतो, पण कार्डाच्या व्यवहारात शुल्क कापतो. लहान संस्थेने क्यूआरखाली चार रकान्यांचा फॉर्म जोडावा. देणग्या वाढल्या की गेटवेचा विचार. रोख २,००० रुपयांवर दिले तर सवलत मिळत नाही, हेही तिथेच लिहा.

दापोली, खेड, मंडणगडची कितीतरी घरं आखातातल्या पगारावर चालतात, म्हणून फॉर्ममध्ये नागरिकत्वाचा प्रश्न हवाच. भारतीय पासपोर्टवाल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परकीय देणगी धरले जात नाहीत. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेल्याचे धरले जातात, आणि ते घ्यायला एफसीआरए या परकीय देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी व स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतलं खातं लागतं. गेटवे घेतलाच तर परदेशी कार्डं बंद ठेवायला सांगा.

मत विचारावं की शेजारी बसावं?

गूगल फॉर्म पाठवून ‘साइट कशी वाटली?’ विचारलं तर मालवण-वेंगुर्ल्याकडे उत्तर ठरलेलं: ‘बरी आसा’. माणूस भिडेखातर वाईट म्हणत नाही. त्यापेक्षा त्याच्या हातात त्याचाच फोन राहू द्या, एक काम सांगा (‘हजार रुपये पाठवून पावती मिळवा’) आणि गप्प बसून बघा. पाच जणांकडून करून घेतलं तरी सुमारे ८५ टक्के अडचणी दिसतात, हा साइट वापरायला सोपी कशी करावी याचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००० साली मांडलेला हिशेब. गट वेगवेगळे असतील तर प्रत्येकातून तीन-चार जण घ्या.

ही माणसं शोधायला गणपतीसारखी संधी नाही. चाकरमानी वाडीत आलेले असतात, आरतीनंतर अर्धा तास सहज मिळतो. जूनमध्ये मजकूर गोळा करायला घेतला तर तोपर्यंत कच्ची साइट हातात असते, आणि दिवाळीपर्यंत दुरुस्त्या उरकल्या तर कासवांचा हंगाम आणि मार्चच्या देणग्या दोन्ही गाठता येतात. रंगाची चर्चा मधल्या काळात कधीही घ्या.