घरपोच ‘हार्मोन पॅकेज’: सुई झकास, कागद अर्धवट

पाचपैकी दोन तारे, आणि ते दोन्ही रक्त काढायला आलेल्या मुलाचे. कंपनीच्या वाट्याला एकही नाही.

कंपनीचं नाव देत नाही. असली पॅकेजं आता ढीगभर जण विकतात आणि मी चाळली त्यांच्या याद्यांत उन्नीस-बीसचाच फरक होता. नावात कुठेतरी ‘ॲडव्हान्स्ड’ असतं, मूळ किंमत खोडलेली असते आणि ऑफर आज रात्री बारापर्यंतच असते. माझ्या भाचीने घेतलं त्यात एलएच आणि एफएसएच (पाळीचं चक्र चालवणारी दोन हार्मोन्स), प्रोलॅक्टिन (दुधाचं हार्मोन), टीएसएच (थायरॉइडसाठी), टोटल टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन), एएमएच, उपाशीपोटीची साखर आणि उपाशीपोटीचं इन्सुलिन एवढं होतं. किंमत तीन हजारांच्या आसपास. भाची सव्वीस वर्षांची, वाकडला आयटीत. पाळी कधी चाळीस दिवसांनी, कधी पन्नास. हनुवटीवर दर पंधरवड्याला थ्रेडिंग. मी नेमकी तिच्याकडे राहायला गेले होते.

मी नोकरीची सगळी वर्षं मुंबईतल्या एका हॉस्पिटलच्या हार्मोन लॅबमध्ये काढली, त्यामुळे हा रिव्ह्यू जरा खवचट होणार, हे आधीच सांगते. आम्ही सुरुवात केली तेव्हा रेडिओइम्युनोअसे होतं, म्हणजे किरणोत्सर्गी खूण लावून हार्मोन मोजायची रीत. वाशीच्या ब्रिट या सरकारी किरणोत्सर्ग संस्थेकडून किट यायची. आयोडीन-१२५ लावलेलं हार्मोन, ॲप्रनवर किरणोत्सर्ग मोजणारा फिल्म बॅज आणि गॅमा काउंटरसमोर नळ्यांची रांग. रक्तातलं इन्सुलिन इतकं थोडं असतं की ते मोजताच येत नव्हतं. ते मोजण्याची ही रीत रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या हॉस्पिटलात बसवली. यॅलोबाईंना १९७७ चं नोबेल मिळालं. बर्सन त्याआधीच, १९७२ मध्ये गेले होते. बाकीचं अर्धं नोबेल रॉजर गिलमन आणि अँड्र्यू शॅली यांच्यात वाटलं गेलं. मेंदूतून त्याच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला हुकूम सोडणारी हार्मोन्स त्यांनी शोधली, आणि पाळीचं सगळं चक्र ज्याच्या तालावर चालतं ते जीएनआरएच त्यांतलंच एक. हे उगाळण्याचं कारण पुढे येईल.

आधी त्या मुलाबद्दल. सकाळी साडेसहाला दारात हजर. आत येताना बूट काढले, हात धुवायला बेसिन विचारलं, नवी सुई भाचीच्या समोर फोडली. पिवळ्या झाकणाच्या नळ्या आणि साखरेसाठी करड्या झाकणाची वेगळी. पट्टा बांधून फार वेळ ठेवला नाही, एका टोचणीत काम झालं. नळ्या खसाखस न हलवता हलक्या हाताने उलट्यासुलट्या केल्या. लेबलं तिथेच, तिच्या डोळ्यांदेखत लावली. घरी बसून ही लेबलं लावणारे मी पाहिले आहेत, म्हणून हे लिहिते आहे.

मी त्याला विचारलं, “अरे, पाळीची तारीख कुठे लिहितोस?”

“काकू, ॲपमध्ये तो कॉलमच नाही.”

खरंच नव्हता. उंची होती, वजन होतं, ‘तुमचं ध्येय काय’ होतं, वाढदिवस होता (त्या दिवशी सवलत देतात). शेवटची पाळी कधी आली, गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का, आणखी कुठली औषधं घेता, यातलं अवाक्षर नाही. तारखेशिवाय एलएचचा आकडा हातात घेऊन काय करायचं?

संध्याकाळी रिपोर्ट आला. दिसायला देखणा, हिरव्या-लाल पट्ट्यांचा. एलएच २१.४, लाल. एफएसएच ६.८. खाली ठळक अक्षरांत ‘रेशो ३.१, पीसीओएस पॅटर्न’, म्हणजे एलएच भागिले एफएसएच, आणि त्यावरून पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोमचा संशय. प्रोलॅक्टिन ३१, लाल. टेस्टोस्टेरॉन लाल. एएमएच तर गडद लाल. पोरगी रडवेली झाली. “मावशी, बघ ना गं, माझं सगळंच बिघडलंय.”

अगं, काही सगळं बिघडलेलं नाही. त्या दिवशी तिच्या पाळीला तीन आठवडे होत आले होते. चाळीस-पन्नास दिवसांच्या चक्रात तो काळ बीज सुटण्याच्या अलीकडे-पलीकडेही असू शकतो, आणि तेव्हा एलएच उसळी मारतोच. रिपोर्टमध्ये बारीक टाइपात पाळीच्या चक्रातल्या तीन टप्प्यांच्या तीन मर्यादा छापल्या होत्या. सॉफ्टवेअरने बिनदिक्कत पहिली धरली आणि लाल रंग फासला. शिवाय एलएच रक्तात एकसारखा वाहत नाही. मेंदूतून जीएनआरएच साधारण तास-दीड तासाने झटक्यात सुटतं आणि प्रत्येक झटक्यामागे एलएचची लाट उठते. पिट्सबर्गला अर्न्स्ट क्नोबिल यांच्या प्रयोगशाळेने १९७८ मध्ये माकडांवर दाखवलं, की जीएनआरएच तासातून एकदा झटक्याने दिलं तर पिट्युटरी चोख काम करते, आणि तेच सलाइनसारखं सतत सोडलं तर एलएच, एफएसएच दोन्ही खाली बसतात. म्हणजे निरोपाइतकीच निरोपाची लयही महत्त्वाची. झटके भरभर पडले की एलएच वाढतो, सावकाश पडले की एफएसएचला फावतं. पीसीओएसमध्ये बहुतेकदा ही लय घाईची झालेली असते, हे खरं. पण समुद्राचा एकच फोटो काढून भरती की ओहोटी हे सांगावं, तसा हा एका नळीवरचा रेशो. पीसीओएसच्या निदानाच्या निकषांत हा रेशो नाहीच, तरी पॅकेजवाल्यांच्या रिपोर्टात तोच सगळ्यात मोठ्या टाइपात.

प्रोलॅक्टिनचीही तीच गत. झोपेत ते वाढलेलंच असतं. उठून तासभरही झाला नसताना रक्त काढलं तर लाल येणारच. साडेसहाचा स्लॉट हा त्यांच्या गाडीच्या सोयीचा, प्रोलॅक्टिनच्या नव्हे.

आता टेस्टोस्टेरॉन. भाची केसगळतीसाठी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गमी खात होती, रोज, महिनोन्महिने. आजच्या कित्येक मशीनमध्ये बायोटिन आणि त्याला घट्ट चिकटणारं स्ट्रेप्टॅव्हिडिन हे प्रथिन, यांची जोडी वापरूनच हार्मोन पकडतात. रक्तात बायोटिनचा पूर असेल तर ती जोडी गंडते: टेस्टोस्टेरॉनसारख्या चाचण्या खोट्या चढतात आणि टीएसएच, एलएचसारख्या खोट्या उतरतात. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला आहे. केस गळतात म्हणून गमी खाणारी आणि केस गळतात म्हणून हार्मोन तपासणारी मुलगी एकच असते, एवढं तरी ॲप बनवणाऱ्याच्या डोक्यात यायला हवं होतं.

आणि टोटल टेस्टोस्टेरॉन नुसतं मोजून भागत नाही. रक्तातलं बरंचसं टेस्टोस्टेरॉन एसएचबीजी नावाच्या प्रथिनाला बांधलेलं असतं. सुटं असतं तेवढंच चटकन कामाला लागतं. शरीर इन्सुलिनला दाद देत नसलं की स्वादुपिंड ते जास्त सोडतं. हे जादा इन्सुलिन एकीकडे अंडाशयातल्या थिका पेशींना एलएचच्या जोडीने जास्त पुरुषी हार्मोन बनवायला लावतं आणि दुसरीकडे यकृताला एसएचबीजी कमी बनवायला लावतं. मग टोटल आकडा हिरव्या पट्ट्यात आणि हनुवटीवर मात्र केस, असंही होतं. पाळीचा आणि साखरेचा धागा जुळतो तो इथे, आणि नेमकी एसएचबीजीच या ‘ॲडव्हान्स्ड’ यादीत नाही. जन्मजात ॲड्रिनल दोष वगळण्यासाठी लागणारं १७-हायड्रॉक्सी प्रोजेस्टेरॉनही नाही.

जे आहे ते कशाला आहे, हाही प्रश्नच. एएमएच ही यादीतली सगळ्यात महाग चाचणी. अंडाशयातल्या बीज वाढवणाऱ्या लहान-लहान पिशव्यांतून ते झिरपतं. पीसीओएसमध्ये तशा पिशव्या खूप, म्हणून ते जास्त. मोनॅश विद्यापीठाच्या पुढाकाराने २०२३ मध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी प्रौढ बायकांत सोनोग्राफीला पर्याय म्हणून ते मान्य केलंय. पण तीच तत्त्वं असंही सांगतात, की पाळी अनियमित असेल, अंगावर पुरुषी पद्धतीचे केस असतील आणि दुसरी कारणं वगळली असतील तर निदान तिथेच झालं. एएमएच नको, सोनोग्राफीही नको. किशोरवयीन मुलींत तर ते निदानासाठी वापरूच नये. उपाशीपोटीचं इन्सुलिनही रोजच्या तपासणीत नको म्हणतात, कारण त्यावर भरवसा ठेवता येत नाही. करायला सांगतात ती आपली जुनी, कंटाळवाणी चाचणी: ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर. ती घरपोच परवडत नाही, दोन तास कोण थांबणार?

दुसऱ्या दिवशी फोन आला. मोफत आहार सल्ला. भाचीने स्पीकरवर टाकला. “मॅडम, तुमचा रेशो तीनच्या वर आहे, पुढे फर्टिलिटीला प्रॉब्लेम येऊ शकतो, आमचा तीन महिन्यांचा प्रोग्राम आहे.” मग पावडरची पाकिटं, शेक आणि ‘वजन पाच किलो कमी करा’. माझी भाची काडी आहे. बीएमआय एकवीस. समोरच्या बाईंनी तिची उंची-वजनाची नोंद उघडलीसुद्धा नव्हती.

काडी असली म्हणून साखरेची काळजी नको, असंही नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे फार पूर्वीच सांगून ठेवलंय. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि इंग्लंडच्या जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो आला होता: दोघांचाही बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. वरून सडपातळ, आतून चरबीचे. भाचीची आई, माझी ताई, मधुमेहाची पेशंट. वाकडपासून केईएम किती लांब? पण घरच्यांना मधुमेह आहे का, हेही ॲपने विचारलं नाही.

पुढची पाळी आल्यावर दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या साध्या पॅथॉलॉजीत नेलं, स्त्रीरोगतज्ज्ञांची चिठ्ठी घेऊन. गमी आधीच बंद केल्या होत्या. सकाळी नऊला, उठून अडीच तासांनी रक्त दिलं. काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता विचारलं, “एलएमपी?” म्हणजे शेवटच्या पाळीची तारीख. मला तिला मिठी मारावीशी वाटली. एलएच ८.९, एफएसएच ६.१. प्रोलॅक्टिन नॉर्मल. टेस्टोस्टेरॉन मर्यादेत, पण एसएचबीजी कमी, म्हणजे सुटं टेस्टोस्टेरॉन जास्तच. उपाशीपोटी साखर ९२ आणि ग्लुकोज पाजल्यावर दोन तासांनी १५८. एकशे चाळीसच्या वर गेली की लक्ष द्यायची वेळ आली. पॅकेजच्या रिपोर्टात साखरेची ओळ हिरवीगार होती, ते खोटंही नव्हतं. उपाशीपोटी ती ठीकच होती.

म्हणजे पीसीओएस आहेच. डॉक्टर बाईंनी केस आणि पाळीचा हिशोब ऐकूनच ते सांगितलं होतं. एएमएचचा कागद त्यांनी बाजूला ठेवला आणि ‘घरात साखर कुणाला?’ यावर बराच वेळ बोलल्या. आता भाची जेवणानंतर चालते, आठवड्यातून तीन दिवस वजनं उचलते, रात्री दोनपर्यंत लॅपटॉप नाही. गोळ्यांचं काय ते बाई ठरवतील.

कंपनीला मी सविस्तर लिहिलं. ‘आपला अभिप्राय मोलाचा आहे’ असं उत्तर आणि पुढच्या पॅकेजवर वीस टक्के सूट मिळाली. कॉलम अजून आलेला नाही.

तरी कुणाला घरपोचच हवं असेल, आजारी सासू घरात आहे, सुट्टी मिळत नाही, तर पॅकेज सोडा आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच्या चाचण्या सुट्या मागवा. पाळीचा दुसरा ते पाचवा दिवस धरा. पाळी लांबतच असेल तर दिवस डॉक्टरांनाच विचारा. बायोटिनच्या गमी आधी बंद करा, किती दिवस तेही त्यांनाच विचारा. स्लॉट आठनंतरचा घ्या. आणि नळी हातात घेतलेल्या मुलाला सांगा की माझ्या नावाखाली पेनाने पाळीची तारीख लिही. आमच्याकडे आला होता तो लिहील, चांगला मुलगा आहे.