सांगलीतलं नवीन घर: सगळे ऋतू काढून झाल्यावर लेआउटबद्दल

राहायला येऊन उन्हाळा, पावसाळा, गौरी-गणपती, दिवाळी सगळं एकदा काढून झालंय, त्यामुळे आता बोलायला हरकत नाही. वास्तुशांतीला आलेले सगळेच "मस्त केलंय हो" म्हणतात, ते धरून चालत नाही. विश्रामबागच्या बाजूला दीड गुंठ्यात घर आहे, हॉल, किचन, स्टोअर, दोन बेडरूम. माणसं पाच, म्हणजे रोजची पाच.

सगळ्यात पैसा वसूल झाला तो किचनच्या ओट्याचा. मिस्त्री म्हणत होता 33 इंच करतो, सगळीकडे तेच असतं. पण आमच्यात रोज भाकरी लागते, आणि शेगडी ओट्यावर ठेवली की तिचीच 5-6 इंच उंची वाढते, मग तवा कुठं जातो बघा. परात समोर घेऊन थापायला लागलं की खांदे वर ओढले जातात आणि संध्याकाळपर्यंत मान धरते. म्हणून ओटा दोन उंचीत केला, सिंक आणि चिरायची जागा 34 ला, शेगडी-परातीचा भाग 29 ला. दिसायला मध्ये पायरी दिसते, ग्रॅनाइटच्या जोडात पीठ अडकतं ते अडकतंच. पण सासूबाई माझ्यापेक्षा बऱ्याच बुटक्या असून त्याही तिथं आरामात थापतात, मग अजून काय पाहिजे.

ओपन किचन नको म्हणून मी अडून बसले होते, यांना फार हौस होती. शेवटी अर्धी भिंत आणि वर सरकती काच असं ठरलं. एरवी काच उघडीच असते, पण मे महिन्यात चटणीचा मसाला भाजायला काढला तेव्हा काच लावून घेतली, तरी हॉलमध्ये सासरे खोकत होते. काच नसती तर शेजारच्यांपर्यंत ठसका गेला असता.

स्टोअर 5 बाय 6 ची आहे. आर्किटेक्ट म्हणाले त्यापेक्षा बेडरूम वाढवा. पण वर्षाचा शाळू, गहू, तांदूळ भरणाऱ्या घरात ती पोती मग बेडरूममध्येच येतात ना. कडप्प्याचे कप्पे 15 इंच खोल ठेवले, जास्त खोल केले की मागचा डबा पुढच्या वर्षीच सापडतो. खालचा अडीच फूट पूर्ण मोकळा, तिथं कोठ्या.

हॉलबद्दल जरा भांडण झालं. फर्निचरवाल्याला दोन्ही भिंतींवर पॅनेल, लाइटिंग, युनिट सगळं करायचं होतं, थ्रीडीमध्ये हॉटेलसारखं दिसत होतं. आम्ही एक 8 फुटांची भिंत कोरी सोडली, फक्त खाली एक प्लग. गौरी तिथंच बसल्या, फराळाची मांडणी झाली, आरतीला माणसं उभी राहिली, सोफा हलवावा लागला नाही. आणि पावसाळ्यात तर हीच जागा कामाला येते, गावभागात आत्या राहतात, 2019 ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा त्यांचं खालचं सगळं गेलं. इशारा पातळी 40 फूट असली तरी कोयनेतून पाणी सोडल्याची बातमी आली की आत्या बॅग भरतात. तीन-चार गाद्या तिथं आरामात पडतात. एका कपाटाचा वरचा अर्धा भाग नुसत्या गाद्या-रगांसाठीच करून घेतला, तो करायलाच पाहिजे, लोक विसरतात.

सासू-सासऱ्यांच्या बेडरूममधून थेट बाथरूम, दार बाहेर उघडणारं. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्यांच्याच अंगाला अडतं, हे आर्किटेक्टनीच सांगितलं, बरं झालं. उंबरठा जवळजवळ नाहीच. लाइटचं टू-वे बटन पलंगापाशी.

आमच्या खोलीतलं स्लायडिंग कपाट ठीकठाक. 10 बाय 11 च्या खोलीत दार उघडायची जागा वाचली, पण एका वेळी अर्धंच कपाट उघडतं, सकाळी आम्ही दोघं एकमेकांची दारं सरकवत असतो. खाली ट्रॅकमध्ये धूळ. जागा असेल तर साधी दारंच करा.

पश्चिमेची मोठी खिडकी मात्र डोक्याला ताप आहे. प्लॅनमध्ये छान दिसली, एप्रिलमध्ये चार वाजल्यानंतर त्या सोफ्यावर कुणी बसत नाही. छज्जा आहे पण उतरत्या उन्हाला छज्जा काय करणार, बाहेरून बांबूची चिक लावल्यावर जरा बरं.

अजून एक, भिंती चढायच्या आधी स्लॅबवर खडूने पलंग, कपाट, फ्रीज, डायनिंग सगळं खऱ्या मापाने आखून आम्ही त्यातून चालून बघितलं होतं. पलंगाशेजारी 2 फूट कागदावर पुरेसे वाटतात, प्रत्यक्षात बादली-पोछा घेऊन जाऊन बघा. त्यातच बेडरूमचं दार 9 इंच सरकवलं, गवंडी कुरकुरला पण विटा चढल्या नव्हत्या म्हणून फुकटात झालं.

फसलं ते ड्राय बाल्कनीत. सुताराने वॉशिंग मशीनची जागा मशीनच्या मापाचीच सोडली, मागचा पाइप, नळ आणि प्लग यांना 4-5 इंच लागतात हे धरलंच नाही. आता मशीन कप्प्याच्या पुढं आलंय आणि बाल्कनीचं दार पूर्ण उघडत नाही. कप्प्याची मागची फळी कापून देतो म्हणालाय, फोन उचलला की कळवते.