काउंटरवरची जहाजं आणि इंकस्केप : 7 महिने वापरल्यावर

भावांनो, गेले 7 महिने इंकस्केप हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर वापरायलोय, तेही एकाच कामासाठी, नौदलाच्या बोर्ड वॉरगेमच्या (पटावरच्या युद्धखेळाच्या) काउंटरवर, म्हणजे पुठ्ठ्याच्या चौकोनी सोंगट्यांवर, जहाजांच्या काळ्या छायाकृती काढायला. आम्ही चौघांनी 1971 च्या युद्धावर एक गेम रचलाय, दर रविवारी मंगळवार पेठेत मित्राच्या माडीवर खेळतो, आणि त्यातली सगळी जहाजं मी काढलीत. जुन्या पद्धतीची, म्हणजे 16 मिलिमीटरच्या चौकोनावर बाजूनं दिसणारं काळं जहाज आणि खाली आकडे. वरून बघितलेली रंगीत जहाजं देखणी असतात, मान्य, पण टेबलाच्या पलीकडून सगळी सारखीच दिसतात. बाजूनं बघितलं की धुराडं, मास्ट (डोलकाठी), टरेट (तोफांचा फिरता बुरूज) सगळं बोलतं. फ्रेड जेननं 1898 साली लढाऊ जहाजांचं संदर्भपुस्तक आणि नौदलाचा वॉरगेम दोन्ही काढलं, जहाज ओळखणं आणि खेळणं तेव्हापासून जोडीनंच चाललंय.

सुरुवातीला मी फोटो टाकून सरळ ट्रेस बिटमॅप (फोटोवरून आपोआप आकृती काढायची सोय) मारायचो. स्क्रीनवर झकास दिसायचं, पण शेकड्यानं नोड (रेघ जिथं वळते ते बिंदू) पडायचे आणि चौकोनात बसेल असं 14 मिलिमीटर लांबीचं जहाज छापलं की नुसता डाग. मग पेन टूलनं हातानं काढायला लागलो, हल (जहाजाचं खालचं अंग), ब्रिज (जहाज चालवायची वरची खोली), धुराडं, टरेट वेगवेगळे आकार, शेवटी युनियन, म्हणजे सगळे जोडून एकच आकार. आता एका जहाजाला चाळीसेक नोड पुरतात आणि काय गाळायचं हे आपण ठरवतो, खरं काम तेच आहे. रेलिंग, दोरखंड, लाइफबोटी सगळं काढून टाकलं तरी चालतं, पण दोन धुराड्यांमधली मोकळी जागा बुजली की जहाज गेलं.

उदाहरण सांगतो. आयएनएस म्हैसूर आणि आयएनएस दिल्ली, दोन्ही ब्रिटिश बांधणीच्या क्रूझर, दोन्ही साधारण 169 मीटर. पहिल्या प्रिंटमध्ये दोन्ही एकच वाटायल्या, मित्रानं ट्यूबलाइटखाली धरून विचारलं, "यातली म्हैसूर कुठली रे?" फरक धुराड्यात आहे. म्हैसूरला दोन, अगदी सरळ उभी, दिल्लीला एकच जाडजूड. मग मी म्हैसूरच्या धुराड्यांमधलं अंतर मुद्दाम थोडं वाढवलं, मोजमाप चुकलं पण ओळख पटली. पाकिस्तानची विनाशिका खैबर तशी सोपी, दोन्ही मुख्य टरेट पुढं आणि मागची बाजू उघडी.

स्केलचा लई विचार केला. विक्रांत 213 मीटर, ती 14 मिलिमीटरला बसवली तर कराचीवर गेलेल्या मिसाइल बोटी 38 मीटरच्या, म्हणजे अडीच मिलिमीटर, मुंगी. मी बोटी 8 मिलिमीटर केल्या, आणि तिरके ठेवलेले मिसाइलचे डबे, बाजूनं दोनच दिसतात, ते जरा फुगवले. उंची सगळ्याच जहाजांची सव्वापट ताणलीय, नाहीतर हल नुसती रेघ वाटते.

टूलमधलं मनापासून आवडलेलं म्हणजे क्लोन, मूळ आकाराशी जोडलेली नक्कल. एकाच वर्गाच्या 8 बोटी क्लोन केल्या, मूळ आकारात मास्ट जाड केला की आठही बदलल्या. एक मात्र लक्षात ठेवा, मास्ट रेघ म्हणून सोडू नका, स्ट्रोक टू पाथ करून (रेघेचा भरीव आकार करून) मगच युनियन करा, नाहीतर लहानमोठं करताना सेटिंगप्रमाणं रेघेची जाडी तशीच राहते आणि लहान जहाजावर मास्ट ओंडक्यासारखा दिसतो. पाव मिलिमीटरपेक्षा बारीक काही ठेवू नका, माझ्या प्रिंटवर तरी ते टिकत नाही.

छपाईत एकदा जीव गेला. राजारामपुरीतल्या एका दुकानात पीडीएफ दिली, त्यांनी फिट टू पेज करून (पानात बसवायला लहान करून) छापली, 16 चे साडेपंधरा झाले, पुढची आणि मागची बाजू जुळेना, दोन शीट वाया. आता प्रत्येक शीटच्या कडेला 100 मिलिमीटरची रेघ टाकतो आणि पैसे द्यायच्या आधी दुकानातच पट्टी लावून बघतो. प्रिंट स्टिकर पेपरवर, खाली दीड मिलिमीटरचा ग्रे बोर्ड, नव्या ब्लेडनं तीन-चार हलके कट. जोर लावून एकदाच कापलं की कडा फाटते.

शिकायला पहिला महिना जड जातो, नोडची हँडलं हातात बसेपर्यंत वक्र नाळ (जहाजाचं पुढचं टोक) काही मनासारखी येत नाही, पण सॉफ्टवेअर फुकट आहे, माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालतं, आणि फाइल एसव्हीजी, म्हणजे कितीही लहानमोठी केली तरी न बिघडणारी, असल्यानं तीच आकृती काउंटरवर पण जाते आणि बॉक्सच्या झाकणावर पण.

सध्या 1679 च्या खांदेरीच्या लढाईसाठी गलबतं आणि गुराबा, ही मराठा आरमारातली शिडाची जहाजं, काढायलोय. गुराबेची पुढं आलेली नाळ जमली, गलबताचं तिरकं शीड अजून सारखं होडीसारखं दिसतंय. वल्ही दाखवायची की गाळायची, कुणी काढून बघितलं असेल तर नक्की सांगा.