फॅन म्हणून आला, स्टेम्स घेऊन गेला, वर क्लेम पण टाकला

घरी गाणी करून यूट्यूबवर टाकता ना, मग हे वाचा. तुमच्याच गाण्यावर तुम्हालाच कॉपीराइट क्लेम आला आणि मागोमाग कोणी "फी भरा, क्लेम काढून देतो" म्हणालं तर एक रुपया देऊ नका. क्लेम सोडायला यूट्यूब कोणाकडूनच पैसे घेत नाही. माझे साडेचार हजार गेलेत, आणि पैशाचं एक वेळ सोडा, पण त्या माणसामुळे अनोळखी लोकांच्या शिव्या खाव्या लागल्या त्या वेगळ्याच.

मी ग्वाल्हेरची, लष्कर नावाच्या भागात घर. इथे हार्मोनियम वाजवते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, कोणाकडे शिकलीस? घराण्याचं गाव ना. मावशी माधव संगीत महाविद्यालयात शिकली, ते १९१८ पासूनचं कॉलेज, माझं मात्र तसं काही नाही. दिवसभर एका सीएच्या ऑफिसात जीएसटीची कामं करते आणि रात्री वरच्या खोलीत दाराला गादी टेकवून मावशीची जुनी पेटी, एक कंडेन्सर माइक, लॅपटॉपवर रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर रीपर, झालं. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकतो आणि कूलर चालू असला तर पेटीपेक्षा कूलरच जास्त रेकॉर्ड होतो, म्हणून तो बंद करून घामात बसायचं. ऐकणारे मोजके, पण जे ऐकतात ते मनापासून ऐकतात.

मी पण तशीच ऐकते. ज्यांना त्यांच्या गल्लीत कोणी ओळखत नाही अशा लोकांची मी फॅन आहे, कोणी नाशकात सिंथवर काय काय करतं, कोणी बडोद्यात कॅसेटवर रेकॉर्ड करून त्याची सरसर मुद्दाम ठेवतं. बॅन्डकॅम्प ही कलाकारांकडून थेट गाणी विकत घ्यायची साइट, तिच्या बॅन्डकॅम्प फ्रायडेची वाट बघून घेते, २०२० च्या मार्चमध्ये त्यांनी हे सुरू केलं, त्या दिवशी साइट आपला हिस्सा सोडते आणि पैसे कलाकाराकडे जास्त जातात. आणि आवडलं की लांबलचक लिहून कळवते पण. म्हणजे कोणी अनोळखी माणूस माझ्या गाण्याबद्दल बारीकसारीक लिहितोय यात मला वावगं काही दिसणार नव्हतं, आम्ही सगळे तेच करतो. स्टेम्स, म्हणजे गाण्यातल्या एकेका वाद्याचे-आवाजाचे वेगवेगळे ट्रॅक, ते देणं पण आमच्यात नवीन नाही, कोणी मागितले तर पाठवतात, तो त्याचं काहीतरी करतो, नाव देतो, संपलं.

या माणसाने लिहिलं होतं, "ताई, दुसऱ्या अंतऱ्याआधी भाता ओढल्याचा आवाज येतो तो पुढच्या गाण्यात काढू नका, त्याच्यामुळे खोलीत बसल्यासारखं वाटतं." आता सांगा, इतकं कान देऊन ऐकणाऱ्यावर कोण संशय घेईल! पुढे मग गप्पा, कुठला माइक, पेटी कुठली, तानपुरा ॲपचा का. मराठी मुलगा, पुण्यात नोकरी करतो असं सांगायचा, खरं खोटं देव जाणे. मग एक दिवस, "ताई, रीमिक्स करावंसं वाटतंय, वेगवेगळे ट्रॅक मिळतील का, एमपीथ्री नको, वेव्हच द्या." मी त्याच्या मेल आयडीवर ड्राइव्हची लिंक दिली, पेटी, गुणगुणणं, बेस, खंजिरी, तानपुरा, सगळ्या २४ बिटच्या फाइल्स.

पुढे काही दिवस शांत. मग यूट्यूबची मेल, तुमच्या व्हिडिओत कॉपीराइट असलेलं संगीत सापडलंय. गाण्याचं नाव भलतंच, कलाकाराचं नाव भलतंच, आणि ऐकून बघितलं तर माझीच पेटी. माझं चॅनल एवढुसं, हजार सबस्क्रायबर पण नाहीत, जाहिरातीचा छदामही मला मिळत नाही, पण क्लेम लागला की त्याच व्हिडिओवरच्या जाहिरातीचे जे काय पैसे असतील ते क्लेमवाल्याकडे जातात.

आणि खरी चलाखी याच्या पुढे आहे. तो पळाला नाही. त्याचाच मेसेज आला, "ताई सॉरी सॉरी, रीमिक्स रिलीज केला तर सिस्टमने आपोआप तुमच्यावर क्लेम टाकला, मी काढायला सांगितलंय पण डिस्ट्रिब्युटर रिलीज फी मागतोय, माझ्याकडे आत्ता नाहीयेत, तुम्ही यूपीआय करा, पगार झाला की देतो." डिस्ट्रिब्युटर म्हणजे आपलं गाणं यूट्यूब वगैरे ठिकाणी पोचवणारी कंपनी. साडेचार हजार दिले. क्लेम गेला पण दोन दिवसांत, म्हणजे बघा, सोडणं त्याच्याच हातात होतं. नंतर दुसऱ्या गाण्यावर क्लेम, परत फी, परत सॉरी ताई. तेव्हा मी म्हटलं आधी डिस्ट्रिब्युटरची पावती दाखव, तर ब्लॉक. आणि पहिल्या गाण्यावर क्लेम परत लागला.

त्याच आठवड्यात नागपूरच्या एकाने मला झापलं. त्याच्या रियाजाच्या व्हिडिओवर क्लेम आला होता, त्याने ते गाणं लावून ऐकलं, चाल ओळखीची वाटली, शोधत शोधत माझ्या चॅनलवर आला आणि समजला की हे उद्योग माझेच. मग अजून एक, मग अजून दोघं, एकाने तर शिव्याच घातल्या. मला कळेना की माझी चाल यांच्या व्हिडिओत आली कुठून. शेवटी त्या नागपूरवाल्याशीच फोनवर बोलताना उलगडा झाला. आम्हा सगळ्यांचा तानपुरा एकाच फुकटच्या लूप पॅकमधला. त्या रीमिक्सवाल्या पठ्ठ्याच्या गाण्यात सुरुवातीला बराच वेळ नुसता तानपुरा आहे, तो कन्टेन्ट आयडीत, म्हणजे आवाज जुळवून आपोआप क्लेम टाकणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेत गेला आणि तो लूप वापरणारा जो जो सापडला त्याच्यावर क्लेम. खरं तर नियम असा आहे की ज्या आवाजावर तुमचा एकट्याचा हक्क नाही तो कन्टेन्ट आयडीत टाकायचाच नाही, फुकटचे लूप तर नाहीच नाही. पण टाकताना डिस्ट्रिब्युटरच्या फॉर्मवर एक टिक असते, सगळं माझंच आहे, आणि टिक करायला काय जातंय.

डिस्प्यूट, म्हणजे क्लेमवरची आपली हरकत, कसा चालतो ते नीट समजून घ्या कारण घाबरून लोक तिथेच सोडून देतात. डिस्प्यूट टाकला की समोरच्याला ३० दिवस मिळतात. तो गप्प बसला तर क्लेम आपोआप जातो, किंवा तो म्हणतो क्लेम बरोबरच आहे. म्हणजे पहिल्या फेरीत चोरीचा निकाल चोरच देणार, कमाल आहे. मग आपण अपील करायची, त्याला ७ दिवस. अपील पण नाकारायची असेल तर त्याला रीतसर टेकडाउन, म्हणजे व्हिडिओच काढून टाकायची मागणी करावी लागते आणि तसं झालं तर आपल्या चॅनलवर स्ट्राइक, म्हणजे नियम मोडल्याचा ठपका येतो, ९० दिवसांत तीन स्ट्राइक म्हणजे चॅनल जाऊ शकतं. भीती वाटते ती याचीच. अजून एक, क्लेम आल्यापासून ५ दिवसांच्या आत डिस्प्यूट टाकला तर पहिल्या दिवसापासूनचे जाहिरातीचे पैसे निकाल लागेपर्यंत अडकवून ठेवतात, त्याला मिळत नाहीत.

माझा डिस्प्यूट त्याने फेटाळला, अपेक्षितच होतं. पण तोवर मी दुसरीकडून हात घातला होता. क्लेमच्या डिटेल्समध्ये डिस्ट्रिब्युटरचं नाव दिसतं, त्याच्या साइटवर कॉपीराइट तक्रारीचा फॉर्म असतो, तिथे लिहिलं. पुरावा काय द्यायचा? रीपरची प्रोजेक्ट फाइल, ड्राइव्हची लिंक त्याच्या मेल आयडीवर शेअर केल्याची तारीख, ती त्याच्या रिलीजच्या आधीची, चॅटचे स्क्रीनशॉट. आणि कुल्फीवाला. झालं असं की तो टेक मे महिन्यातला, कूलर बंद म्हणून खिडकी उघडी, आणि खालून कुल्फीवाला घंटी वाजवत गेला. माझ्या मिक्समध्ये ती घंटी खंजिरीखाली दबलीय, कळत नाही. याने शहाणपणा करून पेटी एकटीच ठेवली, तर घंटी स्वच्छ ऐकू येते. आता घंटी त्याच्याकडे पण आहे, मग पुरावा कसला? तर स्टेम पाठवताना मी मागचं पुढचं कापून पाठवलं होतं. माझ्या रॉ फाइलमध्ये तीच घंटी लांबून जवळ येते, त्याच्या आधी मी "चल परत, सम चुकली" म्हणते ते आहे, शेवटी आईची हाक आहे. त्याच्याकडची फाइल मात्र बरोब्बर कापलेल्या जागीच सुरू होते. फॉर्ममध्ये मी मिनिट-सेकंद लिहून दिले, इथे ऐका, तिथे ऐका. नागपूरवाल्याने लूप पॅकची लिंक देऊन वेगळी तक्रार केली. मग त्या चोराचं गाणं सगळीकडून उतरलं आणि आमचे सगळ्यांचे क्लेम गेले.

कोणीतरी म्हणालंच की रजिस्ट्रेशन करायला हवं होतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात रजिस्ट्रेशन सक्तीचं नाहीये, गाणं बनवलं की हक्क तुमचाच, रजिस्ट्रेशन असेल तर भांडताना सोपं जातं इतकंच.

पैशाचं म्हणाल तर १९३० वर फोन केला, सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाकली, तक्रार क्रमांक आहे, पैसे नाहीत. तो नंबर पैसे गेल्या गेल्या लावायचा असतो म्हणजे समोरच्या खात्यात ते गोठवता येतात, मला कळेपर्यंत खातं रिकामं झालं होतं.

स्टेम्स मी अजूनही देते, पण आधी स्वतः गाणं रिलीज करते, मग एमपीथ्री, आणि सोबत दोन ओळींची मेल की यावरून केलेलं काहीही कन्टेन्ट आयडीत टाकायचं नाही, समोरच्याचं "हो" लेखी आल्यावरच लिंक. रॉ टेक कोणालाच नाही. तुम्ही पण रॉ टेक डिलीट करू नका, हार्ड डिस्क भरली तरी चालेल.

परवा बडोद्याच्या त्या कॅसेटवाल्याला एका नव्या अकाउंटवरून मेसेज आलाय, "दादा, सरसर काढू नका, तीच मस्त वाटते, वेगवेगळे ट्रॅक मिळतील का, वेव्हमध्ये." त्याने मला स्क्रीनशॉट पाठवला, आम्ही तो आधीच्या तक्रारीला जोडलाय. असा मेसेज तुम्हाला आला असेल तर अकाउंटचं नाव कळवा. आणि क्लेम लागलाच असेल तर डिस्ट्रिब्युटरला मी जी मेल लिहिली होती ती मागा, नाव-तारखा बदलून तशीच वापरता येईल.