गावची अंगणवाडी की तालुक्याची नर्सरी: दोन्हीकडं लेकरं घालून पाहिलेला हिशोब

मोठीला आम्ही तालुक्याच्या इंग्लिश स्कूलला घातलं, धाकट्याला गल्लीतल्या अंगणवाडीत. ठरवून नव्हे. मोठीच्या वेळी सोयाबीनला भाव होता, धाकट्याच्या वेळी नव्हता. आमचं गाव मराठवाड्यातल्या केज-कळंब पट्ट्यातलं. यंदा ज्यांचं लेकरू तीन वर्षांचं झालंय त्या आयाबाया विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

आधी पैसा. मोठीची वर्षाची फी 14,000, व्हॅनचे महिन्याला 700, वर गणवेश, बूट, टाय आणि शाळेतूनच घ्यायचा वह्या-पुस्तकांचा संच. सगळं धरून पंचवीस हजारांच्या घरात गेलं. अंगणवाडीत खिशातून काही गेलं नाही. तिथं सरकारचा पैसा येतो, पण तो मुख्यतः ताटात येतो. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं 3 ते 6 वर्षांच्या लेकराला रोजचा आहार हा हक्क आहे; 2013 मध्ये तो 500 उष्मांक आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिनांचा ठरला होता. त्यासाठी 2017 मध्ये ठरलेला दर लेकरामागं दिवसाला 8 रुपये, निम्मे केंद्राचे, निम्मे राज्याचे. आठ रुपयांत स्टँडवर धड चहा येत नाही. मटकीची उसळ कधी दाट असते, कधी डावाला मटकी शोधावी लागते. तरी मोठीच्या डब्यात मी घाईघाईत बिस्किटाचा पुडा टाकत होते, त्यापेक्षा ती उसळ बरीच.

दुसरं, वजन. याकडं आपण बघतच नाही. अंगणवाडीत महिन्याला वजन-उंची घेतात, लसीचा हिशोब ठेवतात आणि वर्षातून दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं डॉक्टरांचं पथक तपासायला येतं. धाकट्याचं वजन दोन महिने जागचं हललं नव्हतं, ते मला सेविकाबाईंनी सांगितलं. मोठीला नर्सरीत वर्षभरात कुणी काट्यावर उभं केलं नाही. फोटो मात्र भरपूर काढले.

आता शिकवणं, ज्यासाठी एवढा खटाटोप. अंगणवाडीसाठी राज्यानं ‘आकार’ नावाचा अभ्यासक्रम आणला आणि तो चांगला: गाणी, गोष्टी, ठोकळे, मणी ओवणं. अडचण अशी की ते घडवणारी बाई एकच आणि तिच्या मागं कामं पन्नास. एक दिवस मी दारात उभी होते. आत पंधरा-सोळा लेकरं ‘पुढचं सांगा बाई’ म्हणत बसलेली आणि बाई ओट्यावर येऊन फोन वर धरून रेंज शोधतायत. पोषण ट्रॅकर या सरकारी अॅपवर माहिती चढत नव्हती. घरी न्यायच्या आहारासाठी आता आईचा चेहराही फोनवर जुळावा लागतो, त्यात सकाळ जाते. गोष्टीतला कोल्हा तसाच विहिरीत राहिला. सेविकेचं केंद्रानं 2018 मध्ये ठरवलेलं मानधन 4,500 रुपये, त्यातले 60 टक्के केंद्राचे, बाकीचे आणि वरची भर राज्याची. मानधनवाढीसारख्या मागण्यांसाठी डिसेंबर 2023 ते जानेवारी 2024 सेविका पन्नासहून जास्त दिवस संपावर होत्या. तेवढे दिवस कुलूप. बाईंचा राग येत नाही, पण आपलं लेकरू तेवढे दिवस घरी असतं हेही खरं.

नर्सरीत कुलूप नव्हतं, टीचर रोज होत्या. पण साडेतीन वर्षांच्या पोरीला चार रेघी वही आणि रोज दोन पानं गिरवायला. एकदा डायरीत लाल शाईनं आलं, घरी इंग्रजीत बोला. घरी म्हणजे आजी. सासूबाई दोन दिवस पोरीशी बोलल्याच नाहीत, म्हणे ‘माझ्यानं नापास व्हायची’. वर बारा किलोमीटर व्हॅन. दुपारी पोरगी झोपेतच उतरायची, जेवण संध्याकाळवर.

इंग्रजीचं म्हणाल तर मोठीला गाणी पाठ झाली, फळांची नावं आली. पहिलीत त्याचा उपयोग झाला का? थोडा. धीट झाली, हे मी मान्य करते.

झेडपीच्या शाळेतली बालवाडी हा तिसरा पर्याय. काही गावांत मुख्याध्यापकांनी लोकवर्गणीतून वर्ग चालवलेत. शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयासाठी. त्याआधीच्या वर्गांबाबत सरकारनं सोय ‘करावी’ असं बंधन नाही, ‘करता येईल’ एवढंच. म्हणून वर्गणी आटली की वर्ग आटतो. तुमच्या गावात असेल आणि वर्गणी टिकून असेल तर पाच वर्षांच्या लेकरासाठी मी तोच घेईन.

दसरा-दिवाळीला कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जाणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. हंगामी वसतिगृह शाळेतल्या पोरांसाठी. तीन वर्षांचं लेकरू टोळीबरोबर फडातच जातं. नर्सरीची भरलेली फी परत मिळत नाही. अंगणवाडीचं नाव दुसऱ्या गावच्या केंद्रात हलवता येतं, फक्त निघायच्या आधी सेविकेला सांगून नोंद करून घ्या. ऊसतोडीची उचल (आगाऊ पैसे) घेतलेल्या घरानं नर्सरीचा विचारच करू नये असं माझं स्पष्ट मत.

बाकीच्यांनी काय करावं? पंधरा ऑगस्टला झेंड्याच्या दिवशी अंगणवाडी बघून ठरवू नका. साध्या मंगळवारी, न सांगता, अकराला जाऊन बसा. बाई लेकरांना नावानं हाक मारतात का, मदतनीस भात शिजवताना आत कोण असतं, पाण्याचा माठ झाकलेला आहे का, हे बघा. ठीक वाटलं तर साडेचार-पाच वर्षांचं होईपर्यंत लेकरू तिथंच ठेवा. बाई सतत मीटिंगला आणि दार उघडायला मदतनीस एकटी असेल, तर नर्सरी बघा, पण व्हॅनला वीस मिनिटांच्या आत पोचेल अशीच. पहिलीला 31 डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण लागतात, त्यामुळं घाईनं एक वर्ष आधी घालून काही हाती येत नाही.

धाकटा पुढच्या जूनपर्यंत अंगणवाडीतच आहे. वजन या महिन्यात तीनशे ग्रॅम वाढलं.